अष्टमीचा चिखल

कॉलेजातून फोन आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की यांना काय कळलं असेल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. साताऱ्याचं घर विकून मी सांगलीला मुलीजवळ राहायला आलो. तरी तो प्रश्न काही सुटला नाही.

या पावसाळ्याच्या अखेरीस असाच एक फोन आला. प्राणिशास्त्र विभागाचे आताचे प्रमुख बोलत होते. माझे विद्यार्थी नव्हेत. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेची दुरुस्ती चालली होती, जुनी कपाटं निघत होती.

"सर, सगळ्यात वरच्या फळीवर काही बरण्या आहेत. कोकणातल्या बंदरातल्या चिखलाचे नमुने. त्यावर चिठ्ठी आहे, 'नमुन्याचे ठिकाण संशयास्पद'. अक्षर तुमचं आहे असं शिपाई म्हणतात. टाकून देऊ का?"

आवाज साधा होता. पण मी विचारलं, "तुम्हाला कुणी विचारायला सांगितलं का?"

"नाही हो सर. जागा हवी आहे."

"थांबा," मी म्हणालो. "टाकू नका. मी येतो."

त्या बरण्या माझ्या नव्हत्या. ज्या बाईंच्या होत्या त्यांना मी खोटं ठरवलं होतं. त्या खोट्या नव्हत्या, आणि ते मला चिठ्ठी चिकटवतानाही ठाऊक होतं. बरण्या फेकल्या असत्या तर बाई खऱ्या होत्या हे दाखवणारं जगात काहीच उरलं नसतं, माझ्याशिवाय. आणि माझं वय आता ऐंशीकडे झुकलंय.

साताऱ्याच्या कॉलेजला समुद्राचं काम कसं मिळालं, याची तेव्हा स्टाफरूममध्ये बरीच थट्टा झाली होती. "पेढे घेऊन जा आणि किडे घेऊन या," असं गणिताचे सर म्हणायचे. काम असं होतं. खाडीच्या तोंडाशी एक लहान बंदर. तिथे ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, त्यात कोणते बिनकण्याचे जीव राहतात आणि किती, ते पाहायचं. समुद्री गांडुळं, शिंपले, तांदळाच्या कणीएवढे उड्या मारणारे जीव. बंदरात लाँचींचं डिझेल सांडतं, बर्फाच्या कारखान्याचं पाणी येतं. त्याचा या जीवांवर काय परिणाम होतो, हे शोधायचं होतं.

पद्धत सोपी होती. प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा चिखलात दाबायचा, खालून हाताचा तळवा लावून उपसायचा, बारीक चाळणीवर टाकून समुद्राच्याच पाण्याने धुवायचा. चाळणीवर जे उरेल ते बरणीत भरायचं, वर फॉर्मालीन आणि गुलाबी रंग. प्रत्येक जागेचा थोडा न धुतलेला चिखलही वेगळा आणायचा. साताऱ्याला आणून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की जीव होते तेवढे गुलाबी दिसायचे, बाकीचा कचरा कचऱ्याच्याच रंगाचा राहायचा. मग चिमट्याने एकेक वेचायचा.

चिखलाच्या आम्ही तीन जागा ठरवल्या होत्या. वरची जागा धक्क्याच्या पायाशी. मधली त्याच्या पुढे. आणि खालच्या जागेबद्दल आराखड्यात मी स्वतः लिहिलं होतं, 'ओहोटीचे पाणी जिथवर मागे जाईल, तेथे.' या एका वाक्याने पुढचं सगळं घडवलं.

मी मूळचा वाईचा. घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर, वडील याज्ञिकी करत. अमावास्येला आमच्याकडे कुणी प्रवासाला निघत नसे. त्याबद्दल कुणी भीती घातलेली मला आठवत नाही. आई एवढंच म्हणायची, "आज अवस आहे, उद्या जा." दूध नासलं तर ते टाकावं, इतकं ते साधं होतं. आणि पौर्णिमेला सत्यनारायण. वडील गेल्यावर पूजेला मी बसायला लागलो. साताऱ्यात बिऱ्हाड केलं तरी दर पौर्णिमेला संध्याकाळी मी सोवळं नेसून चौरंगापुढे असायचो.

हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. तिथे मी अंधश्रद्धांवर व्याख्यानमाला भरवत होतो. मांजर आडवं गेलं तर काय होतं यावर माझं भाषण मुलांना फार आवडायचं.

आता भरती-ओहोटीचं गणित सांगतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप दूर जाते. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. कोकणात त्याला भांगाचं पाणी म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी पहाटे किंवा दिवेलागणीला येते, म्हणजे बंदरात मुक्काम करावा लागतो. प्रतिपदेच्या पहाटे चिखलात उभं राहायचं तर अमावास्येला घर सोडायला हवं. अष्टमीला मात्र ओहोटी ऐन दुपारी. साताऱ्याहून उजाडता निघावं, पाटणला चहा घ्यावा, कुंभार्ली घाट उतरून अकरापर्यंत बंदरावर पोचावं, काम उरकावं आणि रात्री जेवायला घरी यावं.

मी दर वेळी अष्टमी-नवमीलाच गेलो.

फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून मी वर्षानुवर्षं उधाण आणि भांग शिकवलं होतं. तरी त्या शिकवण्याचा आणि माझ्या दौऱ्यांचा संबंध मी जोडला नाही. घाटावरच्या माणसाला पाण्याची कड ही कडच वाटते. कृष्णेचं पाणी आज घाटाच्या ज्या पायरीला लागलेलं असतं, उद्याही साधारण तिथेच असतं. मी बंदरावर जायचो, ओहोटीचं पाणी जिथे थांबलेलं दिसेल तिथे उभा राहायचो आणि म्हणायचो, ही खालची जागा. जोडता आलं नाही की जोडायचं नव्हतं, याबद्दल मला आजही स्वतःचा संशय येतो.

एकदा तारीख ठरवताना अमावास्या येत होती. कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर पाटणच्या अलीकडच्या गावचा. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आवं सर, आवसंला म्या घाट उतरत न्हाई. आमच्यात गाडी काडत न्हाईत."

मी त्याला चांगलं सुनावलं. विसाव्या शतकात राहतो की कुठे, असं काहीतरी. मग सुस्कारा टाकून म्हणालो, "आता ड्रायव्हरच येत नाही म्हटल्यावर काय करणार, पुढच्या आठवड्यात जाऊ."

नंतर गाडी पुसता पुसता तो हळूच मला म्हणाला, "मला शिव्या द्या सर, माजं काय न्हाई. पर तुमी बी आवसंला पिशवी उचलत न्हाई. मला ठावं हाय."

मी हसल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून तो कुणाशीही बोलताना दिसला की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतोय.

माझ्या बरण्यांमध्ये खालच्या जागेवर जीव फार थोडे निघत. त्यावरून मी एक निष्कर्ष बांधला. बंदराच्या घाणीने खालचा चिखल मेला आहे. मला हा निष्कर्ष आवडायला लागला होता. तो मी एका परिषदेत बोलूनही दाखवला. लोकांनी माना डोलावल्या.

विभागात माझ्या हाताखाली एक बाई होत्या. आटपाडीकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांचे थोरले भाऊ तेव्हा सैन्यात होते. माझ्याच मार्गदर्शनाखाली त्या या चिखलावर पीएच.डी. करत होत्या. नोकरी कायम झालेली नव्हती, ती या पदवीवर अवलंबून होती. पाण्याचा टँकर बघत वाढलेली मुलगी समुद्रावर काम करते, याचं त्यांनाच हसू यायचं. "आमच्याकडं ओहोटीच असती सर, भरती न्हाईच," असं त्या म्हणायच्या.

एका हिवाळ्यात माझा गुडघा धरला होता म्हणून त्या एकट्या गेल्या. गाडी घेतली नाही, एसटीने गेल्या. अमावास्येला. बंदरावर मासे विकणाऱ्या एका बाईच्या घरी राहिल्या आणि पहाटेच्या ओहोटीला चिखलात उतरल्या.

त्यांनी आणलेल्या बरण्या ट्रेमध्ये ओतल्या तेव्हा मी तिथे होतो. खालच्या जागेचा ट्रे गुलाबी झाला. नळ्यांत राहणारी गांडुळं, बारीक शिंपले, आम्ही आधी कधी न पाहिलेले दोन प्रकार. त्या चिमटा हातात धरून नुसत्या बघत राहिल्या होत्या.

मी म्हणालो, "हे कुठून आणलंत?"

"खालच्या जागेवरनं सर."

"ही खालची जागा नाही."

तिथून माझा संशय सुरू झाला. त्या रात्री एकट्या राहिल्या त्या नक्की कुठे? खाडीत वर, कांदळवनाजवळ असा चिखल मिळतो. तिथून तर भरला नसेल? कोळी गळाला लावायला गांडुळं खणतात, त्यांच्याकडून घेतली नसतील? मी त्या नसताना बरण्यांची झाकणं उघडून वास घेतला. चिठ्ठ्यांची शाई एकाच दिवसाची आहे का, ते भिंगाने पाहिलं. शिपायाला विचारलं, बाई कितीला आल्या, पिशवी ओली होती का. शेवटी मला पुरावा सापडला. त्यांच्या चिखलात रेती जास्त होती, माझ्यात नव्हती. चिखल वेगळा म्हणजे जागा वेगळी. हा तर्क अगदी बरोबर होता.

मी त्यांना प्रयोगशाळेत बोलावून तो समोर ठेवला. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ दोन्ही चिखल बोटांत चोळून पाहिले.

"बरोबर आहे तुमचं सर. जागा वेगळीच आहे. तुम्ही उभे राहता तिथून खाली अजून एवढं मोठं अंगण आहे. अष्टमीला ते पाण्याखाली असतं. तुम्ही दर वेळी अष्टमी-नवमीलाच गेलात. का ते मला माहीत नाही." मग म्हणाल्या, "येत्या अमावास्येला माझ्याबरोबर चला. दाखवते."

त्याच क्षणी मला सगळं कळलं. त्या बरोबर आहेत, माझी खालची जागा ही खरं तर मधलीच जागा आहे, परिषदेत मी जे बोललो ते चूक आहे. हे सगळं मान्य करता आलं असतं. शास्त्रात चुका होतात. पण लोक पुढचा प्रश्न विचारणार होते. अष्टमीच का? आणि मी त्या "का ते मला माहीत नाही"वर अडकलो. बाई हे बोलताना माझ्याकडे बघत होत्या की ट्रेकडे? ओठाला थोडी मुरड होती का? ड्रायव्हरने त्यांना सांगितलंय, दोघं मिळून मला हसतात, माझी खात्री झाली. आता व्याख्यानमालेत मी उभा राहिलो की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणार, सर, आज तिथी कोणती?

मी म्हणालो, "बघू."

बघितलं काहीच नाही. त्यांनी बोलण्याआधी मी बोललो. प्राचार्यांना सांगितलं की या नमुन्यांच्या ठिकाणाबद्दल मला शंका आहे, चिखल जुळत नाही. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही मार्गदर्शक, तुम्ही म्हणाल ते." मी बरण्यांवर ती चिठ्ठी चिकटवली आणि त्या वरच्या फळीवर ठेवल्या. अहवालात फक्त माझे आकडे गेले. खालच्या पट्ट्यात जीवसृष्टी जवळजवळ नाही, असं त्यात छापलं. बाईंच्या प्रबंधावर मी सही केली नाही. 'हिने नमुने बनवले' हे वाक्य मी कधीच उच्चारलं नाही. ते इतरांनी माझ्या वतीने उच्चारलं आणि मी गप्प बसलो. त्या वर्षी त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. त्या आटपाडीला परत गेल्या आणि एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागल्या, एवढं मला उडत उडत कळलं.

फोन आल्यावर साताऱ्याला जायच्या आधी मी आटपाडीला गेलो. सांगलीहून विट्याला, तिथे गाडी बदलून पुढे. वाटेत माझ्या मनात तेच चाललेलं. त्या दार लावून घेतील. किंवा गोड बोलतील आणि माझं बोलणं मोबाइलवर टिपून घेतील. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही भाजीवाल्याचाही संशय घेता. खरं आहे. एकदा एक माणूस विनाकारण खोटा ठरवला की मग सगळ्यांचाच संशय घ्यावा लागतो, नाही तर त्या एकाचाच का घेतला, याचं उत्तर द्यावं लागतं.

घरापुढे डाळिंबाची बाग होती. ओट्यावर सैन्यातून निवृत्त झालेले त्यांचे भाऊ खताची पोती शिवत बसले होते. मी नाव सांगितलं तसे ते आत बघून म्हणाले, "हेच का गं ते सर?"

बाई बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते. "बसा की सर," म्हणाल्या. पाणी आणलं, चहा आणला. मग समोर बसून म्हणाल्या, "आता काय हवंय तुम्हाला?"

त्यांनाही माझा संशय येत होता. आला तर त्यात चूक काय होतं.

मी सांगितलं की बरण्या अजून आहेत. तुम्ही खऱ्या होता, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं, जसं शाळेत उशिरा आलेल्या मुलाचं कारण ऐकतात.

"एक सांगा सर. अष्टमीच का?"

मी सांगितलं. अमावास्येला निघत नसे. पौर्णिमेला पूजा असे. भाऊ पहिल्यांदा हसले, मोठ्याने. "लय भारी, गड्या," असं पोत्याला उद्देशून म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

"मला वाटायचं तुमचा गुडघा," त्या म्हणाल्या. "पहाटेच्या गारठ्यात चिखलात उभं राहायला नको म्हणून दुपारची ओहोटी धरत असाल. म्हणून मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, सरांना कमीपणा कशाला."

"ड्रायव्हरने तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

"कशाबद्दल?"

माझ्या हातातला चहा निवून गेला. ज्या हसण्याच्या भीतीने मी त्यांना बुडवलं, ते हसणं कधी नव्हतंच. ड्रायव्हरने ते स्वतःपाशीच ठेवलं होतं आणि बाईंनी माझ्यासाठी एक बरं कारण शोधून ठेवलं होतं. मी म्हणालो की माझी चूक झाली.

"ते मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मी तर तिथं होते. मला सगळं ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." मग म्हणाल्या, "आणि कारणासकट सांगा. नुसती चूक म्हणाल तर लोक म्हणतील, म्हातारा मोठ्या मनाचा आहे."

भावांनी मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. उतरताना म्हणाले, "सांभाळून जावा."

दोन दिवसांनी मी साताऱ्याला गेलो. प्रयोगशाळेत सगळीकडे सिमेंटची धूळ होती. विभागप्रमुखांनी बरण्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. त्यांनीच फॉर्मालीनची भर घालून झाकणं नीट बसवली होती. दोन विद्यार्थी उभे होते. कशाला उभे होते ते मला कळेना. मुद्दाम बोलावले असतील असं वाटलं, आणि मग वाटलं, बोलावले असतील तर बरंच झालं.

मी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. नव्या चिठ्ठीवर बाईंचं नाव लिहिलं, बंदराचं लिहिलं, 'खालची जागा, उधाणाची ओहोटी' असं लिहिलं. मग सांगितलं की छापील अहवालात खालच्या जागेचे म्हणून जे आकडे आहेत ते मधल्या जागेचे आहेत आणि ते माझे आहेत.

विभागप्रमुख म्हणाले, "कशामुळे झालं म्हणून नोंदवू सर? भरतीच्या वेळापत्रकातली चूक?"

तो सोपा रस्ता होता आणि त्यांनी तो आदराने पुढे केला होता. मी घेणारही होतो.

"वेळापत्रक बरोबर होतं," मी म्हणालो. "मी अमावास्येला घराबाहेर पडत नसे. हे लपवण्यासाठी मी या बाईंना खोटं ठरवलं."

एका विद्यार्थ्याने दुसऱ्याकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि लिहिलं.

सांगलीला आल्यावर मी आटपाडीला फोन केला. बरण्या ठेवल्या आहेत, तुमच्या नावाने ठेवल्या आहेत, कारणासकट सांगितलं, असं म्हणालो.

"कुणाकुणापुढं?" त्यांनी विचारलं.

"विभागप्रमुख होते. आणि दोन विद्यार्थी."

मग त्या म्हणाल्या, "बस्स, तिघंच?" आणि त्यांनी फोन ठेवला.

म्हणून हे लिहिलं.